बाकावर बसलेली आई

दारावरच्या माणसानं मला आत सोडलं, काकूंना सोडलं नाही. घडलं ते एवढंच. श्रावणातली दुपार होती. सरकारी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावरचा लांबडा व्हरांडा, एका बाजूला लोखंडी बाक, दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगाचं दोन पानी दार, आणि दाराशी चपलांचा ढीग. काकू आमच्याकडे नऊ वर्षं पोळ्या करायला येतात. त्यांची लेक पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. पहाटेपासून तिला कळा येत होत्या. दुपारी तिला त्या दाराआड नेलं आणि काकू बाकावर बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत जुन्या लुगड्याची दुपटी, दोन झबली, टोपडं आणि चहाचा थर्मास. आतून कुणाचं ना कुणाचं ओरडणं यायचं आणि काकू उठून दाराशी जायच्या. ‘‘माझी लेक हाय हो आत.’’ ‘‘मावशी, बसा तिकडे. आत कुणाला सोडत नाहीत.’’ असं तीनदा झालं. चौथ्यांदा काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘ताई, तुमीच जा. तुमचं ऐकतेत ते.’’ मी गेले. चष्मा, खांद्याला पर्स, इस्त्रीचा कुडता. ‘‘पेशंटजवळ कुणीतरी थांबायला हवं,’’ असं मी म्हणाले असेन. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बरं मॅडम, पण एकच जण.’’

मी चपला काढल्या आणि आत गेले. त्या ‘एकच’मध्ये मी होते, याचं तेव्हा मला काही वाटलंसुद्धा नाही.

आत फिनेलचा वास होता, त्याखाली रक्ताचा ओलसर, गोडसर वास. तीन टेबलं, तपकिरी रेक्झिनची. मधल्या पडद्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या, त्यामुळे तो अर्धाच ओढला जाई. भर दुपारी ट्यूबलाइट चालू. काकूंची लेक डाव्या कुशीवर होती, टेबलाचा गज धरून. हाताला सलाईन. ‘‘चार बोटं आहे अजून,’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘वेळ आहे.’’ मी डोक्याशी उभी राहिले. केसांवरून हात फिरवला, ‘‘दीर्घ श्वास घे,’’ म्हणाले. दीर्घ श्वास कधी घ्यायचा, कळ चढताना की उतरताना, ते मला कुठं माहीत होतं? कळ आली की तिचा चेहरा आक्रसायचा आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे. दोन कळांमध्ये किती मिनिटं गेली ते मोजायचे. ते कुणी मला सांगितलेलं नव्हतं. पण मोजल्यामुळे मी काहीतरी करते आहे असं मला वाटत होतं. सिस्टरना मी विचारत होते, ठोके कसे आहेत, इंजेक्शन कशाचं दिलं. त्या मला नीट उत्तरं देत होत्या. आणि ती मधूनमधून एकच म्हणत होती, ‘‘मावशी, आईला बोलवा ना.’’ मी दर वेळी तेच सांगत होते, ‘‘आई बाहेरच आहे ग, काळजी करू नको.’’

सात-आठ वेळा तरी मी हे सांगितलं असेल. चार तास.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. एकोणीस-वीस वर्षांची. तिच्यापाशी कुणीच नव्हतं. ती ओरडली की आया म्हणायची, ‘‘गप. घसा फाडून बाळ येतं का? खाली जोर लाव.’’ एकदा मांडीवर चापट बसल्याचा आवाज आला. तुटक्या पडद्याच्या फटीतून मला तिची पावलं तेवढी दिसत होती, टाचांना भेगा, बोटांत नव्या जोडव्या. आमच्या टेबलाशी मात्र कुणी आवाज चढवला नाही. हे माझ्या लक्षात आलं, अगदी त्याच क्षणी आलं, आणि त्याचं मला बरं वाटलं. माझ्या असण्यामुळे काकूंच्या लेकीला कुणी बोलत नाही, एवढंच मी पाहिलं. जिच्यापाशी चष्मेवाली बाई नाही तिच्या मांडीवर चापट बसते, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग होता. तो मला घरी येऊन, अंघोळ करून, गरम वरणभात पुढ्यात आल्यावर दिसला. पुढे वाचनात आलं, की घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत संशोधक प्रसूतिगृहांत जाऊन बसले होते आणि तिथल्या एकतृतीयांशाहून जास्त बायकांच्या वाट्याला शिवीगाळ, मारहाण किंवा असंच काही आलेलं होतं. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला जास्त. वाचताना मला देश दिसले नाहीत, त्या जोडव्या दिसल्या.

तरी त्या सिस्टरांवर सगळं ढकलणं मला पटत नाही. दोघी जणी होत्या. तीन टेबलं, बाहेर वॉर्डात आणखी सात-आठ जणी कळा देत असलेल्या, रजिस्टर भरायचं, बाळांची वजनं घ्यायची. साडेपाचला एकीनं उभ्या उभ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली, उरलेली परत झाकून ठेवली, आणि ती रात्रीपर्यंत तशीच होती. हात धरून बसायला त्यांच्याकडे हातच नव्हता. आणि जिचे हात रिकामे होते, नुसते रिकामे नव्हे, शिकलेले होते, ती बाहेर बाकावर बसलेली होती.

ते हात कसे शिकले हे मला नंतर कळलं. बारसं होऊन गेल्यावर एका सकाळी काकू कणीक मळता मळता सांगू लागल्या. ही लेक त्यांना कोपीत झालेली. काकू बीडकडच्या. लग्नानंतर सात वर्षं नवरा-बायकोचा कोयता दर दिवाळीनंतर पश्चिमेकडे ऊस तोडायला जायचा. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे दिवस भरत आले म्हणून मागं राहायची सोय नाही. पौषातली थंडी, पाचटाची कोपी, खाली पाचटच आणि त्यावर गोधडी. आदल्या दिवशीपर्यंत डोक्यावर मोळ्या वाहिल्या होत्या. मध्यरात्री कळा सुरू झाल्या. टोळीतली एक थोराड बाई आली, काकूंच्या मागे बसली, दोन्ही काखांतून हात घालून काकूंना स्वतःच्या छातीवर रेलवून घेतलं. ‘‘तिनं मला रातभर सोडलं न्हाई ताई. कळ आली की कंबर दाबायची, कळ गेली की पाणी पाजायची. म्हनायची, ही गेली बघ, ही परत येत न्हाई, आता दुसरी येईल. असं करून करून उजाडलं.’’ पात्याला उकळतं पाणी घालून नाळ कापली. बाळ झालं, पण वार पडेना. रक्त थांबेना. मुकादमाची गाडी यायला दीड तास लागला, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यावर काकू वाचल्या. कोयत्याचे नऊ दिवस खाडे लागले, तेही त्यांना आठवतात. हे सगळं सांगून झाल्यावर कणकेवर तेलाचा हात फिरवत म्हणाल्या, ‘‘म्हनून तर हिला दवाखान्यात नेली. कोपीतलं बाळंतपण दुश्मनाला बी नको. पर त्या बाईसारखं कुनी हिच्या पाठीमागं पायजे व्हतं.’’

मी ओट्याशी उभी होते. हातातला कप गार झाला होता.

मला माझं आठवलं. नाशिकचं चांगलं नर्सिंग होम, १९९८ साल, स्वच्छ चादर, खिडकीला पडदा. आई बाहेर, नवरा बाहेर, सासूबाई घरी देवापाशी. आत मी आणि छताचा पंखा. पंख्याच्या एका पात्यावर गंजाचा डाग होता. तो फिरताना एक वर्तुळ होई आणि कळ आली की मी त्या वर्तुळाकडे बघत राही. मला कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही, सगळे सभ्यपणे येत आणि तपासून जात. पण ते अकरा तास मी कुणालाच कधी सांगितले नाहीत, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ‘मोकळी झाली’ असा निरोप बाहेर गेला आणि पेढे वाटले गेले. आपल्याकडे बाई बाळंत झाली की तिला मोकळी झाली म्हणतात, सुटली म्हणतात. त्या शब्दांत बाईच्या जिवाची काळजी आहे. मोकळी होईपर्यंत ती कुणाबरोबर होती, हे मात्र निरोप नेणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आजीच्या वेळी असं नव्हतं. आजीची सगळी बाळंतपणं साताऱ्याकडच्या घरात, माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत झाली. खोलीत शेगडी, ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी, आणि सुईण. ती मांगवाड्यातून यायची. आजी सांगायची, तिचा हात पोटावर पडला की अर्धी भीती पळायची. नाळ कापणं, वार परसात पुरणं, दहा दिवस बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, आजीचं अंग रगडणं, सगळं तीच करायची. बाराव्या दिवशी तिला लुगडं, खण-नारळ, पायलीभर जोंधळे. ते मागच्या दारी दिले जायचे. मग पुढचं बाळंतपण येईपर्यंत ती पडवीच्या आत येत नसे. माझ्या वडिलांना या जगात ज्या हातांनी पहिल्यांदा धरलं, त्या हातांचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. आजीला मी एकदा त्या सुईणीचं नाव विचारलं होतं. आजीनं आठवून पाहिलं. तिला आठवलं नाही. त्या काळाबद्दल कुणी हळवं होऊन बोलू लागलं की मला ते मागचं दार आठवतं, आणि आजीची गेलेली दोन लेकरंही.

त्यामुळे बाळंतपणं दवाखान्यात गेली याचं मला मनापासून बरं वाटतं. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात. २०१८ ते २०२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. त्या आकड्यांच्या मागे रक्ताची बाटली आहे, रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन आहे, रात्री दोनला दारात येणारी १०८ आहे आणि गरोदर बाईला हाताला धरून दवाखान्याच्या दारापर्यंत आणणारी आशाताई आहे. दारापर्यंत. पुढे बहुतेक वेळा तीही काकूंच्या शेजारी बाकावर बसते.

‘डूला’ हा शब्द मला भाचीनं शिकवला. ती न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणाला माझी बहीण व्हिसाच्या घोळामुळे वेळेवर पोचू शकली नाही. मग तिनं एक बाई ठरवली. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे. तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही, फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत राहायचं, एवढंच तिचं काम. पन्नाशीची कृष्णवर्णीय बाई, आधी तीनदा घरी येऊन गेली, भाचीला कशाची भीती वाटते ते विचारून गेली. बाळंतपणाच्या रात्री कंबर दाबत होती, आणि डॉक्टर काही बोलून गेले की त्याचा अर्थ समजावून सांगत होती. भाची फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, ती पैसे घेते माझ्यासारख्यांकडून, पण तिचं खरं काम तिच्या स्वतःच्या वस्तीतल्या बायकांबरोबर आहे.’’ अमेरिकेत २०२१ साली लाख जन्मांमागे जवळपास ७० कृष्णवर्णीय माता दगावल्या, आणि गोऱ्या माता साधारण २७. इतक्या श्रीमंत देशात, त्याच शहरांत. कृष्णवर्णीय बाईनं दुखतंय म्हटलं तर ते ऐकून घेतलं जात नाही, ही तिथली जुनी तक्रार आहे. म्हणून त्यांच्याच वस्तीतल्या, त्यांच्याच बोलीत बोलणाऱ्या बायका शिकून सोबतीला उभ्या राहू लागल्या, आणि न्यू जर्सीत २०२१ पासून गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून त्यांना पैसे मिळू लागले. ‘डूला’ हा शब्द ग्रीक आहे. मूळ अर्थ दासी, चाकर बाई. वाचलं तेव्हा मला आजीच्या मागच्या दारी उभी असलेली ती आठवली. या कामाला जगात सगळीकडे असाच पाट मांडलेला दिसतो.

मग मी शोधून शोधून वाचत गेले. सगळ्यात जास्त मन धरून ठेवलं ते १९८० साली छापून आलेल्या ग्वाटेमालामधल्या अभ्यासानं. तिथल्या गजबजलेल्या दवाखान्यात बायका एकट्यानं बाळंत होत, घरच्यांना आत येऊ देत नसत. क्लाउस आणि केनेल हे दोन डॉक्टर आणि त्यांचे सहकारी, यांनी काही बायकांजवळ एकेक बाई बसवली. ती या कामाचं काही शिकलेली नव्हती आणि ओळखीचीही नव्हती. तिनं फक्त पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, जवळून हलायचं नाही. ज्यांचं बाळंतपण विनाअडचण झालं अशा बायकांत दाखल झाल्यापासून मूल होईपर्यंत एकट्या बायकांना सरासरी एकोणीस तास लागले. जिच्यापाशी कुणी होतं तिला नऊ तासांच्याही आत. अभ्यास लहानसा होता. पण नंतर सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांचे अभ्यास एकत्र पाहिले गेले, आणि सतत सोबत असलेल्या बायकांत सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि ‘वाईट अनुभव आला’ असं सांगणाऱ्याही कमी निघाल्या.

मला मात्र ती अनोळखी बाई सोडेना. म्हणजे परकी बाईही चालते. मी परकी होते म्हणून उपयोगी पडले नाही, असं मी स्वतःला सांगत आले होते, आणि त्या आडोशाला आता जागा राहिली नाही. मी तिथं होते आणि घड्याळाकडे बघत होते. कंबर मी दाबली नाही. ‘ही गेली बघ’ असं मी म्हणाले नाही. ते येत नव्हतं हे क्षम्य आहे. पण जिला येत होतं तिला बोलवा, असं माझा हात धरून कुणी तासातासाला मला सांगत होतं. मी बाहेर जाते, काकूंना आत घ्या, हे एक वाक्य चार तासांत मला सुचलं नाही. का सुचलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, आत सोडलं गेल्याचा एक मान असतो, आणि तो मी धरून बसले होते.

आठ वाजता पाळी बदलली. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, बुटक्या, सावळ्या, केसांत चाफ्याचं फूल राहून गेलेलं. त्यांनी केसपेपर पाहिला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘‘तुम्ही हिच्या कोण?’’ मी म्हणाले, ‘‘हिची आई माझ्याकडे...’’ आणि वाक्य पुरं करावंसं मला वाटलं नाही. ‘‘आई आहे? कुठंय मग?’’ त्यांनी स्वतः जाऊन दार उघडलं.

काकू आल्या. बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला. लेकीशी एक शब्द बोलल्या नाहीत. मागे गेल्या आणि दोन्ही तळवे तिच्या कंबरेवर, माकडहाडाच्या वर, दाबून ठेवले. पुढची कळ आली तेव्हा तिचा आवाज बदललेला मी ऐकला. इतका वेळ तो गळ्यातून, वरून, किंचाळल्यासारखा येत होता. आता तो पोटातून आला, खोल, जात्याच्या घरघरीसारखा. ‘‘ही गेली बघ,’’ काकू म्हणाल्या. मी पडद्यापाशी सरकले. मग पडदा ओलांडून त्या दुसऱ्या मुलीकडे गेले. तिचं नाव विचारलं आणि काकूंचं पाहून तिच्या कंबरेवर हात ठेवला. कुठं दाबायचं ते तिनंच मला माझा हात खाली सरकवून दाखवलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी काकूंना नात झाली. काकू आल्यामुळे ती लवकर झाली असं मी म्हणणार नाही. वेळ भरत आलीच होती. पण दुपारपासून जे तोंड मी वेडंवाकडं होताना पाहिलं होतं, ते शेवटच्या तासात दुखत असूनही तिचं स्वतःचं होतं.

लेकीला आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, आठवा लागला आहे. परवा काकू म्हणाल्या, ‘‘ताई, याल ना या खेपेला? आत नगं. दारापशी बोलायला.’’ मी हो म्हणाले, आणि टेबलाच्या खणातून कागद काढला. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०१६ मध्ये काढलेल्या सूचना, छापून ठेवल्या होत्या. काकूंना मराठीत सांगत गेले. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला सोबत एक बाई ठेवता येते. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. तिला लागण होणारा आजार नसावा. कपडे स्वच्छ असावेत. पूर्ण वेळ थांबायची तयारी असावी. डॉक्टर-नर्सच्या कामात तिनं मध्ये येऊ नये. काकू प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, जणू त्यांची हजेरी घेतली जात होती. तव्यावरची पोळी करपायला लागली होती, ती त्यांनी उलटली.

‘‘कोनत्या सालचं म्हनलात?’’

‘‘दोन हजार सोळा.’’

त्यांनी बोटांवर मोजलं. नातीचं वय, त्याआधीचे नऊ महिने, मग आणखी मागे. दोनदा मोजलं.

‘‘म्हंजी मी बाकावर बसले तव्हा बी व्हतं हे.’’

गॅस बंद करून त्यांनी हात पदराला पुसले, कागद माझ्याकडून घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या बटव्यात ठेवला.